आडनावाचा रकाना

(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



सध्या मराठवाड्यात मोडी वाचणाऱ्या माणसाला जो भाव आलाय, तो पेशवाई बुडाल्यापासून बहुधा आला नसेल. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं आणि तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतली बासनं सुटली. वर्षानुवर्षं तिकडे वाळवीखेरीज कुणी फिरकत नव्हतं. आता मोडीवाले आणि उर्दू वाचणारे निवृत्त मास्तर यांना घरून बोलावणं जातं. गावोगावची माणसं येतात. कुणाच्या हातात आधार कार्ड, कुणाच्या हातात मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. म्हणतात, "आमचं आडनाव अमुक. पणजोबाची नोंद बघा जरा."

कागद उघडतो. त्यावर असतं, 'तुकाराम वल्द गणपती, कौम कुणबी, साकिन मौजे अमुक'. तुकाराम सापडला, त्याचा बाप सापडला, गाव आणि जातही सापडली. आडनाव मात्र नाही. समोरचा माणूस गोंधळतो. "मग हा आमचाच तुकाराम कशावरून?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आडनावात मिळत नाही. जमिनीचा गट नंबर, वंशावळ आणि गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण यांची मोट बांधून ते काढावं लागतं.

आरक्षणाच्या वादात मी आज शिरणार नाही. त्यासाठी शहरात दुसरी व्यासपीठं पुष्कळ आहेत. मला त्या कागदावरची मोकळी जागा दाखवायची आहे. ज्या आडनावावरून आपण दुसऱ्याची जात, मूळ, पिढीजात मोठेपण सगळं एका दमात ताडतो, त्या आडनावाची निजामाच्या महसुली दफ्तराला गरजच पडली नव्हती. वल्द आणि कौम एवढ्यावर त्याचं भागत होतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की आडनाव हा रक्ताचा दाखला नसून नोंदीचा दाखला आहे. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी टेबलाशी बसून ते लिहून घेतलं. कुणी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

मग आडनाव हवं होतं कोणत्या कागदाला? वतनाच्या. पाटीलकीचा, देशमुखीचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, महजर लिहिला जायचा. त्या महजरात वतनदार कसा येतो पाहा: त्याचं नाव, मग 'बिन', मग बापाचं नाव, मग आडनाव, मग 'मोकदम मौजे अमुक'. हे सगळं लागायचं, कारण उद्या चुलतभाऊ उठून म्हणणार, वतन माझं आहे. आडनाव हे वतनाच्या हक्काला मारलेलं कुंपण होतं. त्याच महजराच्या तळाशी गावकऱ्यांच्या निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू. तिथे बलुतेदार येतो तो रामा सुतार, सटवा चांभार, म्हादू न्हावी असा. त्याला बाप नाही, आडनावही नाही. धंदा हीच ओळख. त्याचं बलुतंही वतनच होतं, पण त्याच्यावर दावा सांगायला दिल्ली-दौलताबादेहून कुणी येणार नव्हतं. त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ सालचा 'गावगाडा' ज्यांनी वाचला असेल त्यांना हा सगळा पसारा डोळ्यांपुढे येईल.

म्हणजे आडनावांमध्येसुद्धा आहे रे आणि नाही रे होते. एखाद्या घराण्याचं आडनाव तीनशे वर्षं मागे नेता येतं याचा अर्थ ते घराणं जुनं आहे असा नाही. घराणी सगळ्यांचीच सारखी जुनी असतात, आकाशातून कुणी पडत नाही. अर्थ एवढाच की त्या घराकडे भांडण्यासारखं काहीतरी होतं आणि भांडणाचा कागद शिल्लक राहिला.

आपल्या अंगणातलं सर्वांत मोठं उदाहरण घेऊ. इथून वेरूळ तासाभराच्या अंतरावर आहे. वेरूळची पाटीलकी बाबाजी भोसल्यांकडे होती. मालोजीराजे आणि विठोजीराजे त्यांचे मुलगे. घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी मालोजींचं नाव जोडलेलं आहे. या घराण्याच्या आडनावाचा अर्थ काय, यावर महाराष्ट्रात जेवढी शाई खर्च झाली तेवढी दुसऱ्या कुठल्या आडनावावर झाली नसावी. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या वेळी गागाभट्टांनी मेवाडच्या सिसोदियांशी वंश जोडून दिला. म्हणजे छत्रपतींनासुद्धा नोंदीची गरज पडली! ज्यानं स्वतःच्या मनगटावर राज्य उभं केलं, त्याला ते धर्मशास्त्राच्या रकान्यात बसवायला वंशावळ लागली. पुढे रा. चिं. ढेऱ्यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरच्या ग्रंथात वेगळीच दिशा दाखवली. दक्षिणेतल्या होयसळांकडे बोट दाखवून 'होयसळ' आणि 'भोसले' यांचा सांधा त्यांनी जुळवला. त्यावर वाद झाले आणि अजून होतात. उत्तरेचा धागा खरा की दक्षिणेचा, हा निवाडा करायला मी इथे उभा नाही. मला एवढं दिसतं की एकच आडनाव दोन वेगळ्या काळांनी दोन वेगळ्या दिशांना ओढलं, आणि दोन्ही वेळा ओढणाऱ्याला काहीतरी सिद्ध करायचं होतं.

जाधवांचं तसंच. य चा ज होणं ही आपल्या भाषेची जुनी खोड. यमुनेची जमुना आणि यात्रेची जत्रा होते, तसा यादवाचा जाधव होतो. ध्वनीच्या हिशेबानं यात खोट काढायला जागा नाही. सिंदखेडचे लखुजी जाधवराव स्वतःचं कूळ देवगिरीच्या यादवांशी जोडत आले, आणि १६२९ मध्ये निजामशहानं त्यांना मुलांसह मारलं ते त्याच देवगिरीच्या किल्ल्यात. गोष्ट विलक्षण आहे. पण यादवांचं राज्य १३१८ च्या सुमारास संपलं. मधल्या तीनशे वर्षांत किती घरांनी आपलं नाव त्या मोठ्या नावाच्या वळचणीला नेऊन बांधलं असेल? मोरे आणि मौर्य, कदम आणि कदंब, शेलार आणि शिलाहार, साळुंखे आणि चालुक्य अशा जोड्या लावण्याचा खेळ इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पिढीनं मोठ्या हौसेनं खेळला. शब्दाशी शब्द जुळतो. माणसाशी माणूस जुळतोच असं नाही. राजाचं आडनाव त्याच्या सैनिकाला, कुळाला आणि गुलामालाही लागतं, हे जगभर घडलेलं आहे.

आणि याचा जिवंत पुरावा आपल्या वर्गाच्या हजेरीपटातच असतो. जाधव, पवार, चव्हाण, शिंदे, गायकवाड, मोरे. यातलं एकही आडनाव एका जातीचं नाही. मराठा, माळी, धनगर, कोळी, बौद्ध, मातंग, बंजारा सगळीकडे ही आडनावं आहेत. कन्नड-सोयगावकडच्या तांड्यांवर जा, बंजाऱ्यांमध्ये राठोड, पवार, चव्हाण, आडे ही गोतं आहेत. तिथला 'वडत्या' शाळेत येता येता जाधव झालेला आहे. देशमुख ब्राह्मण असतात, मराठे असतात, मुसलमान असतात. इनामदार, जहागीरदार तर विचारूच नका. तरीही आपली माणसं आडनाव ऐकतात, क्षणभर डोळे बारीक करतात आणि विचारतात, "म्हणजे तुम्ही कुठले?" त्या 'कुठले'मध्ये भूगोल नावाला असतो, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हुद्द्यांच्या आडनावांकडे वळतो. चिटणीस, पारसनीस, हसबनीस, वाकनीस यांतलं 'नीस' हे फारसीतलं 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा, फारसी लिहिणारा, हिशेब लिहिणारा, घडामोडी लिहिणारा. एक अख्खा सचिवालय विभाग आपल्या आडनावांत गोठून बसला आहे. पुण्या-साताऱ्याकडचे वक्ते इथवर येऊन थांबतात. आपल्याकडे त्याच्यापुढे एक थर आहे, हैदराबादच्या निजामाच्या राजवटीचा. गावचा हिशेब ठेवणारा पुणे प्रांतात कुलकर्णी. इथे सरकारी बोलीत तो पटवारी. म्हणून पटवारी हे आडनाव ऐकलं की मी माणसाला मराठवाड्याचा धरतो, आणि सहसा धरलेलं सुटत नाही. पेशकार, मक्तेदार, वकील, काझी, मुनशी ही त्याच दफ्तरातली मंडळी. गंमत अशी की पाटील हा शब्द हैदराबादच्या कागदात पटेल झाला, आणि त्यामुळे आपल्याकडचे कितीतरी मुसलमान पटेल हे गुजरातचे नसून इथल्याच गावच्या पाटीलकीचे वारस आहेत. मुंबईत त्यांना "सुरतचे का?" असं विचारतात तेव्हा त्यांची होणारी पंचाईत मी पाहिली आहे.

हुद्दे गेले, आडनावं राहिली. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६० च्या दशकात जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची बांधणी केली, पगारी तहसीलदार आणले, आणि देशमुख-देशपांड्यांचं वसुलीचं काम संपलं. त्यांना रुसूम, म्हणजे हक्काची रक्कम, तेवढा मिळत राहिला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, पुढच्याच वर्षी जहागिरी बरखास्त झाल्या. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटलांची पदं गेली. आज गावात पोलिस पाटील आहे, तलाठी आहे. बाकी सगळे पाटील नुसते पाटील. आणि ते झाले इतके, की पाटील म्हटल्यानं ओळखच पटेना. मग मराठवाड्यानं उपाय काढला, पाटलाच्या शेपटीला गाव बांधायचं. शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. शिवराज पाटील दिल्लीला नुसते शिवराज पाटील होते, पण लातूर जिल्ह्यात चाकूरकर म्हटल्याशिवाय कुणाला उमगत नव्हते. कुलकर्ण्यांचीही तीच गत. परभणीचे कवी बी. रघुनाथ यांचं पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या या माणसानं कवितेच्या खाली आडनाव घातलंच नाही, आणि आज त्यांचं आडनाव बहुतेक वाचकांना सांगावं लागतं.

'कर' लावलेल्या आडनावांबद्दल एक नियम सगळे सांगतात. पैठणात पैठणकर नसतो, गाव सोडलं की माणूस गावकर होतो. नियम बरोबर आहे, पण तो जरा सैल धरावा. नरहर कुरुंदकरांचं गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदाच. फक्त नांदेडला जाऊन ते बोलू लागले, तेव्हा त्या आडनावाला वजन आलं. देगलूरकर, औसेकर, परळीकर, गंगाखेडकर, सेलूकर, वेरूळकर. गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यातली किती गावं अशी पुण्या-मुंबईच्या दारांवरच्या पाट्यांत जाऊन बसली आहेत. यातलं माझं आवडतं आडनाव धाराशिवकर. कितीतरी दशकं सरकारदरबारी त्या गावाचं नाव उस्मानाबाद होतं. टपालावर, रेल्वेच्या फलकावर, शाळेच्या नकाशात उस्मानाबाद. पण धाराशिवकर मंडळी धाराशिवकरच राहिली. आडनावं सरकारी आदेशाच्या बाहेर असतात ती अशी. आता आपल्या शहराचं पाहा. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवली ती खडकी, त्याच्या मुलानं केलं फतेहनगर, १६५३ मध्ये औरंगजेबानं केलं औरंगाबाद, २०२३ मध्ये झालं छत्रपती संभाजीनगर. औरंगाबादकर आडनावाची घरं आहेत. त्यांनी आता काय करायचं, असं मला एकदा गंभीर चेहऱ्यानं विचारण्यात आलं. काही करू नये. ज्या दिवशी त्यांच्या पूर्वजानं हे शहर सोडलं त्या दिवशीची ती तारीख आहे; पोस्टाचा शिक्का मागाहून बदलत नाहीत.

या मलिक अंबरचंच बघा ना. हबशी मुलगा, मूळ नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला आणि मालकानं नाव ठेवलं अंबर. मलिक ही पुढे मिळालेली पदवी. ज्याचं स्वतःचं नाव दुसऱ्यानं ठेवलं, त्यानं वसवलेल्या शहराची नावंही दुसरेच ठेवत आले.

बरं, सगळ्यांचं 'कर' नाही. नांदेड-देगलूरकडे सरकलं की आडनावांना 'वार' लागायला सुरुवात होते: कोटगिरवार, उत्तरवार, मामीडवार. हा तेलुगूतला आदरार्थी 'वारु'. आपल्या काळे, गोरे, टोपे यांच्या शेवटी जो एकार आहे तोही आदराच्या बहुवचनाचाच. सीमेच्या दोन्ही बाजूंना व्याकरण एकाच रीतीनं मान देतं. उदगीर-देवणीकडे बिरादार, बिराजदार, मठपती, स्वामी भेटतात, आणि तिथे कानडीचा शेजार सुरू होतो. कानडीत आडनावाला अड्डहेसरुच म्हणतात. उलट गंगापूर, वैजापूर, सिल्लोडकडे जारवाल, काकरवाल, घुनावत, बहुरे अशी उत्तरेची वळणं. खुद्द या शहरात जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा ही मोगली फौजेतल्या राजपूत सरदारांची नावं रोजच्या रिक्षाच्या भाड्यात आपण उच्चारतो. ज्याला मराठवाड्याच्या इतिहासाचा धडा एका तासात घ्यायचा असेल त्यानं कुठल्याही जिल्हा परिषद शाळेचा हजेरीपट मोठ्यानं वाचावा.

त्यात लिपीची करणी वेगळी. उर्दू लिपीत ळ नाही, ण नाही. शेळक्यांचा शेलके होतो, काळ्यांचा काले होतो, आणि मागून देवनागरी उतारा करणारा कारकून कागदावर दिसेल तेच लिहितो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका घरातले दोन भाऊ दोन शाळांत गेले आणि दोन आडनावांनी बाहेर पडले, असे प्रकार वकिलांना नवे नाहीत. वाटणीच्या दाव्यात त्याचं काय होतं ते त्यांना विचारा.

आता त्या टेबलाशी येतो, जिथे आपल्यातल्या बहुतेकांची आडनावं पक्की झाली. शाळेचं जनरल रजिस्टर. मोठ्या आकाराची कापडी बांधणीची वही, रकाने आडवे: अनुक्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अक्षरी. हे रजिस्टर शाळेत सर्वांत जपून ठेवतात. इमारत पडली तर आधी ते बाहेर काढतात. ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांनी अशी रजिस्टरं आयुष्यभर भरली. पोलिस ॲक्शननंतरच्या वर्षांत खेड्याखेड्यांत शाळा निघाल्या, मास्तर वस्तीवर फिरून मुलं गोळा करू लागले. बाप शेतावर, मूल आजीच्या बोटाला. "नाव?" "बाळू." "बापाचं?" "गणपती." "आडनाव?" आजी गप्प. पाटलाला, देशपांड्याला आडनाव विचारायची गरज नाही, ते आधीच कागदावर आहे. पण सालदाराला, मेंढक्याला, विणकराला, येसकराला? त्याला गावात त्याची हाळी देऊनच ओळखतात. मग मास्तर विचार करतात. मागून आलेलं गाव कोणतं? चुलत्याच्या मुलाचं काय घातलं होतं? कुणाला गावाचं नाव मिळालं, कुणाला धंद्याचं, कुणाला गावात पडलेलं टोपणनाव. ज्यांना एक जून ही जन्मतारीख मिळाली आहे त्यांनी हसू नये. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी असतो, आणि ज्या लेखणीनं ती तारीख घातली तिनंच शेजारचा रकानाही भरला.

हे फक्त आपल्याकडे झालं असं मात्र नाही. फिलिपाइन्समध्ये १८४९ साली क्लावेरिया नावाच्या स्पॅनिश गव्हर्नरनं आडनावांची वर्णानुक्रमे छापील यादी काढली आणि गावोगाव पानं वाटली. कर नीट वसूल व्हावा हा हेतू. एका गावाला एक पान, त्यामुळे काही गावांत जवळजवळ सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात. आपल्या मास्तरांनी निदान आजीला विचारलं तरी.

गमतीदार आडनावांची यादी तुम्ही माझ्याकडून अपेक्षित धरली असेल. गाढवे, डुकरे, ढेकणे, दहातोंडे, एकबोटे, अष्टपुत्रे, वाघमारे. त्यावर पानपट्टीपाशी पुष्कळ विनोद होतात, मी भर घालत नाही. फक्त एक. ही बहुतेक दुसऱ्यांनी पाडलेली नावं. स्वतःला कुणी गाढवे म्हणून घेत नाही. आणि राजपत्राच्या नावबदलाच्या पानांत जुनं नाव आणि नवं नाव असे शेजारशेजारचे रकाने चाळले तर दिसतं, की बदलणारा माणूस विनोदाला कंटाळूनच बदलतो असं नाही. पुष्कळदा तो जातीच्या खुणेला कंटाळलेला असतो.

इथे थोडं थांबावं लागेल. १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची कोरेगावच्या स्तंभावरची नावं 'नाक'नं संपतात. ब्राह्मणाच्या नावाला पंत, मराठ्याच्या नावाला राव किंवा जी, महाराच्या नावाला नाक. आडनावाची गरज नव्हती, जात नावाच्या शेपटीतच होती. आडनाव आल्यावर ती शेपटी गळाली, पण पुष्कळ ठिकाणी जात नव्या रकान्यात जाऊन बसली. सातारच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी १९१४ क्रमांकावर एका मुलाची नोंद झाली: भिवा रामजी आंबेडकर. घराणं सकपाळांचं, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. गावाचं नाव आणि रजिस्टरातलं आडनाव यांमध्ये जो फरक पडला, तो कुणी आणि का पाडला याच्या कथा लोक वेगवेगळ्या सांगतात. मला त्या कथांपेक्षा तो रकाना महत्त्वाचा वाटतो. मंडणगड तालुक्यातल्या एका आडवळणाच्या खेड्याचं नाव त्या रकान्यातून निघालं, आणि या शहरातल्या विद्यापीठाला मिळावं म्हणून २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत माणसं झगडली, घरं जळली, जीव गेले. नाव म्हणजे नुसता शब्द, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं ते निदान संभाजीनगरात म्हणू नये.

आडनाव टाकून देणारी माणसंही आपल्याकडे होऊन गेली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. १९३२ मध्ये संन्यास घेतला आणि खेडगीकर मागे राहिलं. त्यांचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ. श्रॉफ म्हणजे सराफ, नाणी पारखणारा; अरबी शब्द इंग्रजी वळणानं आलेला. गुजराती घरातल्या या माणसाला मराठवाडा आपला म्हणून मानत आला, त्याला आडनाव कधी आडवं आलं नाही.

बायकांचा विषय मी शेवटी घेतोय, आणि शेवटी घेतोय यातच बरंच काही आलं. वर सांगितलेल्या महजरांत, वतनाच्या यादीत, पाटलांच्या वंशावळीत बाई सहसा नाही. लग्नात ताटातले तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, सगळ्या बायका वाकून वाकून बघतात. आडनाव तर बदलायचंच, पण आपल्याकडे बाईचं पाळण्यातलं नावही बदलत असत. माहेरची रखमा सासरची पार्वती. तिच्या मधल्या नावात आधी बाप, मग नवरा. निवडणुकीच्या यादीत एका नावानं, बँकेत दुसऱ्या, सातबाऱ्यावर तिसऱ्या नावानं असलेल्या बायका आजही प्रतिज्ञापत्रं करत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात. अभिलेख कक्षात पणजीची नोंद शोधायला आलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

आता थोडं उलटं वळण दिसतंय. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नोंदीत स्वतःच्या नावापाठोपाठ आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम राहील. अनेकांना हे फार आधुनिक वाटलं, काहींना परकं वाटलं. इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पैठण आहे, सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. तिथल्या सम्राटांची नावं शाळेत आपण पाठ केली होती: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावि. त्यांच्या लेखांत आईचं गोत्र सांगणारं नाव आधी येतं. गौतमी बलश्रीनं आपल्या पराक्रमी मुलाबद्दल नाशिकच्या लेण्यात कोरवून घेतलेला लेख तर प्रसिद्धच आहे. मातृसत्ता होती असं त्यावरून कुणी म्हणू नये, राज्य बापाकडूनच मुलाकडे जात होतं. पण नोंद करताना आईला आधी लिहायची पद्धत या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी होती, एवढं खरं.

नव्या फॉर्मवर आईचं नाव मधे आलं, हे चांगलंच झालं. पण तो फॉर्म नीट वाचला तर शेवटचा रकाना जिथे होता तिथेच आहे, आणि त्यात अजून तरी बहुतेक घरांत बापाचंच आडनाव भरलं जातं. एखाद्या जोडप्यानं तिथे आईचं घालायचं ठरवलं तर खिडकीतला कारकून आधी मान वर करून बघतो, मग साहेबांना विचारून येतो म्हणतो. ज्यांना हा अनुभव आला असेल त्यांनी व्याख्यानानंतर थांबावं. मला त्यांच्या नोंदी हव्या आहेत.